गिझरच्या खोक्याची टपालपेटी

भिंगरीने शाळेतून आणलेला कागद पेंटरने तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्याला रागच आला.

कागदावर लिहिलं होतं : 'पालकांबरोबर घरच्या घरी करायची सोपी वस्तू – टपालपेटी. साहित्य : चपलांचे एक रिकामे खोके, लाल कागद, कात्री, डिंक. वेळ : अर्धा तास. वस्तू गुरुवारी वर्गात मांडायची आहे. मुलांना स्वतःच्या हाताने करू द्यावे.'

"अर्धा तास?" पेंटर म्हणाला. "अर्ध्या तासात टपालपेटी? अर्ध्या तासात माझा प्रायमरसुद्धा वाळत नाही!"

"बाबा, प्रायमर नाही लावायचा. लाल कागद चिकटवायचा."

"कागद खोक्याला चिकटवतात. पेटीला रंग देतात."

कागदावरचं शेवटचं वाक्य त्याने वाचलं नव्हतं असं नाही. तेही तीनदा वाचलं होतं. पण ते इतर मुलांच्या पालकांसाठी असणार, असं तो धरून चालला.

पेंटर बावीस वर्षं पाट्या रंगवत होता. गल्लीतल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं त्याची होती आणि उरलेल्या निम्म्यांकडे तो बघत नसे. मागे एकदा ताप अंगात असताना डॉक्टरांकडे गेला, तेव्हा तपासून घेण्याआधी त्याने शिडी मागितली, कारण दवाखान्याच्या पाटीवरची शेवटची दोन अक्षरं खाली उतरली होती. हातात घेतलेली गोष्ट ठाकठीक झाल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. असा बाप मिळणं हे मुलीचं भाग्य म्हणायचं की काय म्हणायचं, हे ठरवायला भिंगरी अजून लहान होती. ती आठ वर्षांची होती आणि एका जागी पाच मिनिटं बसत नसे, म्हणून तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणी घेत नव्हतं.

शनिवारी सकाळी भिंगरीने सगळी तयारी करून ठेवली. आईच्या चपलांचं खोकं, लाल कागद, डिंकाची बाटली आणि बोथट टोकाची कात्री तिने जमिनीवर ओळीने मांडली आणि मांडी घालून बसली. "आपण दोघं मिळून करायची हं," ती म्हणाली.

"दोघंच करणार. तिसरा कोण आहे?" असं म्हणत पेंटरने चपलांचं खोकं उचललं, फिरवून पाहिलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि हळूच बाजूला ठेवलं. शेजाऱ्यांकडे आदल्याच आठवड्यात मोठा गिझर बसला होता आणि त्याचं उंच खोकं जिन्याखाली पडलेलं त्याने येताजाता पाहिलं होतं. पाच मिनिटांत ते खोकं घरात आलं. चपलांचं खोकं भिंगरीने उचलून पलंगाखाली सरकवलं.

मग जे काम सुरू झालं ते थांबेना. खोक्याचे कोपरे आत दाबून गोल केले. पिठाची खळ शिजवली. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून थरावर थर चढवले. खळ ढवळायचं काम भिंगरीकडे होतं.

"झालं ढवळून," भिंगरी म्हणाली.

"अजून ढवळ. गुठळ्या राहतात."

"आता पट्टी मी लावू?"

"पट्टीला ताण द्यावा लागतो. तू ढवळ."

वरचा घुमट कशाचा करावा हा प्रश्न आला, तेव्हा पेंटर न्हाणीघरात गेला आणि बायकोचा कपडे भिजवायचा टब घेऊन आला. उलटा ठेवला तर अगदी मापात बसला. मागच्या बाजूला दार कापलं, त्याला बिजागऱ्या लावल्या, कडी-कोयंडा बसवला आणि खरं कुलूप घातलं. तळाशी दोन विटा ठेवल्या, म्हणजे पेटी डुगडुगायला नको. पंख्याखाली सुकवून, प्रायमर मारून, दुपारी लाल एनॅमलचा पहिला हात दिला, खाली काळी पट्टी ओढली.

"बाबा, मी काय करू?"

"तू बघ. माणूस बघूनच शिकतो."

भिंगरीने थोडा वेळ बघितलं. मग ती समोरच्या अर्जकाकांच्या पायरीवर जाऊन बसली. अर्जकाका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले होते. कोपऱ्यावरची टपालपेटी सात महिन्यांपूर्वी अचानक नाहीशी झाली आणि पत्र टाकायला पंचवीस मिनिटं चालत मोठ्या पोस्टात जायची वेळ आली, तेव्हापासून ते पेटी परत मिळावी म्हणून अर्ज करत होते. एकतीस अर्ज झाले होते, उत्तर एकाचंही आलेलं नव्हतं. अर्ज टाकायलाही पंचवीस मिनिटं चालावं लागायचं, हे त्यातलं खरं दुखणं. पायरीवर जी मुलं येऊन बसत त्यांना ते अर्ज लिहायला शिकवत. प्रति कुठे, विषय कुठे, कळावे कुठे, हे गल्लीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

इकडे पेंटर अक्षरांवर आला होता. पुढच्या भागावर त्याने सावली दिलेल्या पांढऱ्या अक्षरांत 'टपाल' लिहिलं. खाली 'पेटी क्र. १४' लिहिलं, कारण जुन्या पेटीवर चौदाच होता आणि तो त्याच्या नजरेसमोर होता. मग 'टपाल काढण्याची वेळ : सकाळी १० व दुपारी ४' लिहिलं. एवढं झाल्यावर पेटी फार नवी दिसते असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तळाशी थोडा गंज रंगवला आणि एका बाजूला सायकलचं हँडल घासून गेल्यासारखा ओरखडा काढला. त्या ओरखड्यासाठी तो पाऊण तास बसला होता.

संध्याकाळी त्याची बायको कामावरून आली. ती वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसायची आणि वीस माणसांच्या गोंगाटात एका 'शूः'ने शांतता करू शकायची. दारातच तिने पदराने नाक दाबलं.

"घरात माणसं राहतात की रंगाचे डबे? डोकं फुटायची वेळ आली वासाने! आणि माझा टब कुठे आहे?"

पेंटरने घुमटाकडे बघायचं टाळलं. "अगं, पेटी कशी झालीय ते बघ ना."

बायकोने बघितलं. मग भिंगरीकडे बघितलं. "तू काय केलंस गं यातलं?"

"खळ ढवळली," भिंगरी म्हणाली.

रात्री वास सहन होईना, तेव्हा सकाळ होताच पेटी घराबाहेर गेली पाहिजे असा हुकूम झाला.

रविवारी सकाळी पेंटर पेटी उचलून बाहेर आला. कोपऱ्यावर जुन्या टपालपेटीचा सिमेंटचा चौथरा अजून तसाच होता. त्यावर दिवसभर ऊन असतं, जमिनीवरची धूळ तिथे उडत नाही, आणि उंचीही बरोबर. पेंटरने पेटी चौथऱ्यावर ठेवली, दोन पावलं मागे जाऊन बघितली, अर्ध्या बोटाने डावीकडे सरकवली आणि एका दुकानाचं शटर रंगवायचं कबूल केलं होतं तिकडे निघून गेला. जाताना त्याला एवढंच वाटलं की चौथऱ्यावर पेटी शोभते. हा विचार तिथेच थोडा पुढे नेला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा कोपऱ्यावर तीस-चाळीस माणसं जमलेली होती. पेटीभोवती लाल फीत बांधली होती. अर्जकाका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कात्री घेऊन उभे होते आणि बोलता बोलता त्यांचा आवाज भरून येत होता.

"सात महिने! एकतीस अर्ज! घरातले म्हणायचे, सोडा नाद. कोण वाचतंय? पण बघा, कुणीतरी वाचत होतं. रविवार असूनही पहाटे येऊन पेटी बसवून गेले, गाजावाजा नाही, काही नाही. अशी माणसं आहेत अजून!" काकांनी चष्मा काढून पुसला. "आणि पेटीही तीच आहे. आपलीच. तो सायकलचा ओरखडा बघा, मी रोज बघायचो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेंटरनेही वाजवल्या. आपले हात टाळ्या वाजवताहेत हे त्याला जरा उशिरा कळलं. अर्जकाकांनी फीत कापली, खिशातून पोस्टमास्तरांच्या नावाचं आभाराचं पत्र काढलं, सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मान देऊन पेटीत टाकलं. मग रांग लागली. कुणी नोकरीचा अर्ज टाकला, कुणी मामाला पत्र टाकलं, एका आजोबांनी घरी जाऊन खास टाकायला म्हणून पत्र लिहून आणलं. रांगेच्या शेवटी भिंगरीनेही टाचा उंचावून पेटीत काहीतरी टाकलं. पोर खेळतेय, असं पेंटरला वाटलं.

"मग सांगायचं होतं ना तिथल्या तिथे!" घरी आल्यावर बायको म्हणाली.

"कसं सांगू? काकांच्या डोळ्यांत पाणी होतं गं. त्यात फीतही कापून झाली होती."

"आणि तिला गुरुवारी शाळेत काय न्यायचंय? चौथरा?"

"गुरुवारपर्यंत काहीतरी करतो," पेंटर म्हणाला. काय करणार हे त्यालाही माहीत नव्हतं. भिंगरी कोपऱ्यात बसून चित्राच्या वहीत काहीतरी खोडत होती. तिने मान वर केली नाही.

"ते पुढचं पुढे," बायको म्हणाली. "आधी त्या पत्रांचं बघा. दुसऱ्यांची पत्रं आहेत ती. उद्या उजाडल्या उजाडल्या काढायची आणि मोठ्या पोस्टात नेऊन टाकायची. आणि एकाही पत्त्यावर नजर टाकायची नाही. मान फिरवून पिशवीत भरायची. कळलं?"

"काकांचं ते आभाराचं पत्रसुद्धा?"

"सगळी. निवडून ठेवायला ती काय भाजी आहे?"

सोमवारी उजाडताच पेंटरने कुलूप काढलं, मान फिरवली, पत्रं पिशवीत भरली आणि पंचवीस मिनिटं चालत जाऊन पोस्टात टाकली. परत येऊन हुश्श करून बसतो, तोच खिडकीतून त्याला अर्जकाका दिसले. ते पेटीजवळ मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते. दहा वाजले. सव्वादहा झाले. साडेदहाला काका घरी गेले आणि अकरा वाजता हातात लिफाफा घेऊन परत आले.

"काय लिहिलंत काका?" पेंटरने खिडकीतून भीत भीत विचारलं.

"अर्ज क्रमांक बत्तीस. विषय : टपाल वेळेवर न काढण्याबाबत. पेटीवर स्वच्छ लिहिलंय, सकाळी दहा. मग दहाला माणूस नको यायला? आभार मानले म्हणजे सूट दिली असं नाही." आणि तो अर्ज त्यांनी पेटीत टाकला.

"तुम्हीच लिहिलीत ना वेळ?" आतून बायको म्हणाली. "कुणी सांगितलं होतं?"

पेंटर म्हणाला की वेळेशिवाय पेटी उघडी-बोडकी दिसली असती. बायकोने कपाळावर हात मारला. पण मार्ग तिनेच काढला. तिचा धाकटा भाऊ बसमध्ये कंडक्टर होता. त्याच्याकडे खाकी गणवेश होता, खांद्याला अडकवायची चामड्याची पिशवी होती आणि या आठवड्यात त्याची पाळी संध्याकाळची होती. ताईचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता, कारण मोडल्यावर काय होतं हे त्याने लहानपणी पाहिलं होतं.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला मेहुणा आला. गणवेश बघून अर्जकाकांनी घड्याळ बघितलं आणि समाधानाने मान हलवली. मेहुण्याने रुबाबात कुलूप काढलं, पत्रं पिशवीत भरली आणि जमलेल्या चार माणसांकडे बघून सवयीने ओरडला, "पुढे सरका, पुढे सरका! दार अडवू नका!" लोक मुकाट्याने पुढे सरकले. सरकारी माणूस असाच बोलतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

"एक मिनिट," अर्जकाका म्हणाले. "हे पत्र मी हातात देतोय. पोच द्या."

मेहुणा क्षणभर गडबडला. मग हात आपोआप पिशवीत गेला आणि त्याने एक तिकीट फाडून काकांच्या हातात ठेवलं. काकांनी ते जवळ धरून, लांब धरून बघितलं. "शेवटचा थांबा असं लिहिलंय," ते म्हणाले.

"पत्र शेवटपर्यंत जाणार काका," मेहुणा म्हणाला आणि वळून झपाझप चालू लागला.

त्या दिवशी पेंटरचं कामात लक्ष नव्हतं. एक भटका कुत्रा पेटीजवळ घुटमळायला लागला की तो शिडीवरून उतरून गल्लीत धावत यायचा, कारण रंगाखाली लोखंड नव्हतं, चौदा थरांचं वर्तमानपत्र होतं. दोनदा तो वेळेत पोचला. तिसऱ्यांदा नाही. बुधवारी सकाळी पेटी एका बाजूला किंचित कलली होती आणि शाळेत न्यायला एकच दिवस उरला होता. लोकांसमोर पेटी उचलून आणायची कशी, याचा विचार करून पेंटरची झोप उडाली होती, आणि भिंगरी मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. तिने हट्ट केला असता, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

बुधवारी दुपारी चार वाजता, मेहुणा पेटीचं दार उघडून वाकलेला असताना, एक सायकल येऊन थांबली. सायकलवरून पोस्टमास्तर उतरले. एकतीस तक्रारींनी हा माणूस खुर्चीतून हलला नव्हता. पण काकांचं आभाराचं पत्र वाचल्यापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं. तक्रारीला काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं असतं, आभाराला काय द्यायचं? त्यातून न केलेल्या कामाचे आभार! यात नक्की काहीतरी गुंतागुंत आहे, असं त्यांच्या नोकरीतल्या अनुभवाने त्यांना सांगितलं होतं. त्यांच्या काखेत एक जाडजूड नोंदवही होती.

"तुम्ही कोण?" पोस्टमास्तरांनी मेहुण्याला विचारलं.

"मी... कंडक्टर," मेहुणा म्हणाला. खोटं बोलण्याची तयारी त्याने फक्त काकांपुरती केली होती.

"आणि ही पेटी?"

मेहुण्याने पेंटरच्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि बहिणीच्या भीतीने लगेच खाली घेतलं. पण तोवर पेंटर स्वतःच बाहेर आला होता. पोस्टमास्तरांनी पेटीवर टिचकी मारली. 'ढप्' असा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारली. मग अर्जकाका पुढे आले आणि त्यांनी बोटाच्या पेराने, अगदी हळू, दार ठोठावल्यासारखं पेटीवर ठोकलं. तोच आवाज आला. काकांचा चेहरा उतरला.

"रविवारी मी बोललो, तेव्हा तू इथेच होतास ना?" त्यांनी पेंटरला विचारलं.

"होतो, काका."

"टाळ्यापण वाजवल्यास."

"वाजवल्या."

काकांनी वरच्या खिशातून ते बसचं तिकीट काढलं, त्याकडे बघितलं आणि नीट घडी घालून परत ठेवलं. पेंटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याने आनंदाने ऐकून घेतल्या असत्या.

"साहेब, फसवायचं नव्हतं हो," तो घाईघाईने सांगू लागला. "मुलीला शाळेतून सांगितलंय, घरच्या घरी टपालपेटी करून आणा. रंग वाळायला म्हणून इथे ठेवली. पत्रं एकूणएक पोचवलीत, तुमच्याच पोस्टात टाकलीत. मुलीची आहे हो पेटी. उद्या शाळेत मांडायचीय."

नेमकी त्याच वेळी भिंगरी दप्तर पाठीला लावून शाळेतून येत होती. पोस्टमास्तर तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. "तू केलीस होय बाळ ही एवढी मोठी पेटी?"

भिंगरीने पेटीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली. "बाबांनी केली. मी फक्त खळ ढवळली."

मेहुण्याने खाली बघितलं. पेंटरला शनिवारची सकाळ आठवली. जमिनीवर ओळीने मांडलेलं ते साहित्य, ती बोथट कात्री. त्याचे कान गरम झाले. बावीस वर्षांत त्याचं काम कुणी नापास केलं नव्हतं, आणि आज केलं ते अशा माणसाने की वर अपील करायची सोय नव्हती.

कोंडी फोडली ती अर्जकाकांनी. "ते असू दे," ते घसा खाकरून म्हणाले. "पण साहेब, मग आमची खरी पेटी कुठे आहे?"

पोस्टमास्तरांनी नोंदवही उघडली आणि सुटका झाल्यासारखं बोट ठेवलं. "हे बघा. पेटी क्रमांक चौदा, रंगकामासाठी उतरवली. रंगकाम चालू आहे."

"सात महिने रंगकाम चालू आहे?"

"चालू म्हणजे... पेटी गोदामात आहे. तीन रंगाऱ्यांना बोलावलं. एवढ्याशा कामाला येत नाही म्हणाले."

सगळ्यांच्या माना एकाच वेळी पेंटरकडे वळल्या. सात महिने काका अर्ज लिहीत होते, पेटी रंगाऱ्याची वाट बघत होती आणि रंगारी समोरच्या घरात बसून दुसऱ्यांच्या पाट्यांना नावं ठेवत होता.

"उद्या सकाळी आणून द्या," पेंटर म्हणाला. "काकांच्या अंगणातच रंगवतो. आणि ओरखडा आहे तसाच ठेवतो."

"तोवर हीच असू दे," पोस्टमास्तर उत्साहाने म्हणाले. "कागदोपत्री इथे पेटी आहेच. उद्यापासून आमचा माणूस दहाला आणि चारला येईल."

"लेखी द्या," अर्जकाका म्हणाले. पोस्टमास्तरांनी तिथेच चौथऱ्यावर कागद ठेवून लिहून दिलं. सात महिन्यांत मिळालेलं ते पहिलं उत्तर काकांनी दोनदा वाचलं आणि मग ते पेंटरकडे बघून पहिल्यांदा हसले. "पण काम झकास केलंस हो," ते म्हणाले. "मी तो ओरखडा ओळखला म्हणजे बघ."

त्या संध्याकाळी भिंगरीने पलंगाखालून चपलांचं खोकं काढलं. कात्री, कागद, डिंक पुन्हा ओळीने मांडला गेला. पेंटर तिच्यासमोर बसला आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

भिंगरीने पत्र टाकायची फट कापली. ती डावीकडून निघाली आणि उजवीकडे चांगलीच वर चढली. पेंटरच्या तोंडून 'स्स' असा आवाज निघाला.

"बाबा, असा श्वास घ्यायचा नाही," भिंगरी म्हणाली.

"नाही घेत."

लाल कागदाला सुरकुत्या पडल्या. एका कोपऱ्यात कागद पुरला नाही, तिथे तिने केशरी लावला. 'टपाल' लिहिताना शेवटच्या अक्षराला जागा उरली नाही, म्हणून ते खालच्या ओळीत गेलं. पेंटरने डोळे मिटून घेतले. मग त्याच्या मनगटाला तिचा चिकट हात लागला.

"झाकण उघडतंय सारखं. डिंक वाळेपर्यंत तुम्ही धरून बसा. पण दाबायचं नाही, नुसतं धरायचं."

पेंटरने झाकण धरलं. भिंगरी त्याला टेकून बसली आणि शाळेतल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगू लागली. ती एका जागी बसली आहे हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. पेटी तयार झाली तेव्हा बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बरोबर अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

गुरुवारी भिंगरी पेटी घेऊन शाळेत गेली. खरी पेटी गोदामातून आली आणि पेंटर काकांच्या अंगणात तिचा जुना रंग खरवडत बसला. दहाच्या ठोक्याला पोस्टमन आला. त्याने कलत्या पेटीतली पत्रं काढली, पुन्हा कुलूप लावलं आणि पेंटरसमोर एक लिफाफा धरला.

लिफाफ्यावर तिकीट सरळ चिकटवलेलं होतं, पण पत्ता चढणीला लागलेला होता. शिक्का सोमवारचा होता. म्हणजे हे पत्र रविवारी संध्याकाळी पेटीत पडलं होतं आणि सोमवारी उजाडताच पेंटरने मान फिरवून, स्वतःच्या पिशवीतून, पंचवीस मिनिटं चालत ते स्वतःच पोस्टात नेऊन टाकलं होतं. त्याने लिफाफा फोडला.

'प्रति,
मा. बाबा,
आपल्या घरी.

विषय : माझी टपालपेटी मला करू देण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून कळवते की पेटी माझी होती. मी खूप वेळ खळ ढवळली. माझा हात दुखला. तुमची पेटी खूप छान झाली आहे पण ती तुमची आहे. मला आपली दोघांची पाहिजे होती. चपलांचं खोकं मी पलंगाखाली ठेवलं आहे. तरी माझ्या अर्जाचा विचार व्हावा ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
भिंगरी
(तुमची मुलगी)

ता. क. उत्तर द्यावे. काकांना कोणीच उत्तर देत नाही.'

पेंटरने पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा त्याला वाचता येईना. तो घरी आला. बायको कामावर निघायच्या तयारीत होती.

"तिकीट तू दिलंस तिला?"

"मागितलं, दिलं," बायको चपला घालत म्हणाली. "दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही. आणि माझा टब कधी मिळणार?"

दुपारी भिंगरी परत आली. केशरी कोपऱ्याची पेटी तिने टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेली. पेंटरने आपल्या सामानातला जाड पांढरा कागद काढला. त्यावर पट्टीने रेघा आखायला घेतल्या, थांबला, रेघा खोडल्या आणि साध्या अक्षरांत लिहिलं : 'अर्ज मंजूर. उशीर झाला, माफी असावी. – बाबा.' मग तो पेटीत टाकायला गेला, तर फटीतून कागद आत जाईना. फट वाकडी होती आणि एका टोकाला फारच अरुंद होती. पेंटरने सवयीने कटर उचलला. एकच सरळ काप दिला की झालं, दोन सेकंदांचं काम.

त्याने आतल्या खोलीकडे बघितलं. नळ चालू होता. त्याने कटर खाली ठेवला आणि कागदाची आणखी एक घडी घातली.